अकरावे वचन दहाव्याशिवाय नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील चिंतनपर सदरात बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घेऊन वाचकांना दिलासा देण्यात आला: नोकरी लागेल, परीक्षा सुटेल, लग्न जमेल, कारण देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. सदरलेखकाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. हेच वचन दिनदर्शिकांवर असते, शुभेच्छापत्रांवर असते आणि कितीतरी उपदेशांचा शेवटही त्यावरच होतो. आक्षेप वचनाला नाही. आधीचे दहावे वचन कापून ते वापरले जाते, त्याला आहे. दहाव्या वचनात अट आहे आणि आकडाही आहे: बाबेलची सत्तर वर्षे भरली म्हणजे मग मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हांला या स्थळी परत आणीन. सत्तर वर्षे गाळली की उरलेला मजकूर यिर्मयाचा राहत नाही, तो त्याला विरोध करणाऱ्या हनन्या संदेष्ट्याचा होतो. हे विधान कडक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. बाबेलच्या राजवृत्तांतात ही घटना अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी नोंदलेली आहे. यहूदाचा अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, ज्याला यिर्मयाचा ग्रंथ यखन्या म्हणतो, तीन महिने राज्य करून पाडाव झाला. त्याच्याबरोबर राजमाता, सरदार, लोहार आणि कारागीर बाबेलला गेले. आकडे जुळत नाहीत, हे उपदेशकाला माहीत असावे: राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात दहा हजार, यिर्मयाच्या बावन्नाव्यात ३,०२३. यांतला एकच आकडा छातीठोकपणे सांगू नये. गादीवर यहोयाखीनाचा चुलता सिद्कीया बसला. एकोणतिसावा अध्याय म्हणजे यिर्मयाने यरुशलेमेहून या पाडाव झालेल्यांना धाडलेले पत्र. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे पाठवलेल्या वकिलातीतले दोघे, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या, ते घेऊन गेले. पत्राचा पत्ता पहिल्याच वचनात आहे: उरलेले वडील, याजक, संदेष्टे आणि सर्व लोक. म्हणजे अकराव्या वचनातले अभिवचन एका उखडलेल्या समाजाला दिलेले आहे. कुणा एकाच्या कारकिर्दीला नव्हे.

हनन्याचा प्रसंग अठ्ठाविसाव्या अध्यायात येतो. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, मंदिरात, याजकांसमोर गिबोनच्या हनन्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रे, यखन्या आणि सगळे पाडाव झालेले परत येतील. बाबेलच्या अंमलाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जूही त्याने मोडले. यिर्मयाचे पहिले उत्तर लक्षात घ्यावे: "आमेन, परमेश्वर असेच करो." त्याला ही बातमी खोटी ठरावी असे वाटत नव्हते. मग त्याने कसोटी सांगितली: शांतीचे भाकीत करणाऱ्याचे बोलणे खरे झाले तरच त्याला परमेश्वराने पाठवले असे समजावे. हनन्याने जू मोडल्यावर तो निघून गेला. लाकडी जुवाच्या जागी लोखंडी जू येईल, हा संदेश नंतर आला. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला.

हनन्या आणि यिर्मया दोघेही परतण्याचेच भाकीत करतात. दोघेही परमेश्वराच्या नावानेच बोलतात. फरक फक्त किती वर्षांनी आणि तोवर काय करायचे, एवढ्यात आहे. कापलेले अकरावे वचन ऐकणारा माणूस सहा महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत बदल धरून चालतो. तो बदल झाला नाही की देव खोटा, नाहीतर आपला विश्वास तोकडा, या दोनच वाटा त्याच्यापुढे उरतात. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुतेक जण दुसरी वाट धरतात आणि गप्प बसतात. ही हानी उपदेशकाला दिसत नाही, कारण असा माणूस तक्रार करत नाही.

सत्तर वर्षांचा अर्थ त्या पहिल्या ऐकणाऱ्यांसाठी हिशेब करून पाहावा. तीस वर्षांच्या कारागिराला परत जायचे तर शंभर वर्षे जगावे लागले असते. पत्र ऐकलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ कुणीही यरुशलेम पुन्हा पाहणार नव्हते, आणि हे त्यांना पत्रातच कळले. म्हणून सहाव्या वचनात मुलांची लग्ने करा आणि त्यांनाही मुले होऊ द्या असे येते. सत्ताविसाव्या अध्यायात बाबेलची सत्ता राजा, त्याचा मुलगा आणि नातू यांच्यापर्यंत सांगितली आहे. दोन्हीकडे मोजमाप तीन पिढ्यांचे आहे. आशा नातवंडांसाठी होती. घर मात्र आजोबांनी आज बांधायचे होते.

या आज्ञांचा क्रमही पाहावा. पाचव्या ते सातव्या वचनांत कामे आहेत: घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, संसार करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. आठव्या-नवव्या वचनांत इशारा आहे. अभिवचन दहाव्यात सुरू होते. उपदेशात हा क्रम उलटा केला की कामे ऐच्छिक होऊन बसतात.

पाडाव झालेल्यांनी खरोखर हे केले का, याचा पुरावा मातीच्या विटांवर मिळतो. 'अल्-याहुदू', म्हणजे यहूद्यांचे गाव, या बाबेलमधल्या वस्तीतले कीलाकार लिपीतले व्यवहार २०१४ मध्ये मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. त्यांतले सर्वांत जुने इ.स.पू. ५७२ चे आहेत. त्यांत यहूदी नावांची माणसे जमीन कसतात, खंड भरतात, कर्ज घेतात. खुद्द यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंदही बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या विटांवर आहे. उपदेशात यातली एखादीच गोष्ट सांगावी. दोन सांगितल्या की लोक विटा ऐकतात, पत्र ऐकत नाहीत.

आता सत्तर या आकड्याविषयी, कारण याच ठिकाणी अभ्यासवर्ग सर्वाधिक भरकटतात. हा आकडा पंचविसाव्या अध्यायातही आहे. तो अध्याय यहोयाखीनाचा बाप यहोयाकीम राजा याच्या चौथ्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. ६०५ चा. अश्शूरचा शेवटचा प्रतिकार मोडला त्या ६०९ पासून बाबेल पडले त्या ५३९ पर्यंत मोजले तर बरोबर सत्तर वर्षे होतात. ६०५ पासून मोजले तर सहासष्ट. मंदिर पडल्यापासून ते पुन्हा उभे राहीपर्यंत मोजले तर पुन्हा सुमारे सत्तर. जखऱ्या संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात पारसाचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षीही "ही सत्तर वर्षे" असा उल्लेख आहे. म्हणजे पवित्र शास्त्रातच हा आकडा एकाहून अधिक ठिकाणांपासून मोजला गेला आहे. शिवाय देवाच्या कोपाची मुदत सत्तर वर्षे ही त्या प्रदेशाला परिचित असलेली भाषा होती. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बाबेल उद्ध्वस्त केले. त्याचा मुलगा एसर-हद्दोन लिहितो की बाबेलचा देव मार्दुक याने नगर सत्तर वर्षे ओस राहावे असे लिहिले होते, पण दया येऊन त्याने अंक उलटा केला आणि सत्तराचे अकरा झाले. कीलाकार लिपीत साठाची उभी खूण आणि दहाची खूण यांची जागा बदलली की हे खरेच घडते. यिर्मयाच्या पत्रात मात्र अंक कुणी उलटा करत नाही. हनन्याला नेमके तेच हवे होते.

म्हणून सत्तराला आजच्या एखाद्या वर्षात मिळवून शेवटच्या काळाची तारीख काढणे हा या अध्यायाचा उपयोग नव्हे. याबाबत दानीएलाचा नववा अध्याय चांगला गुरू आहे. तो यिर्मयाचा ग्रंथ वाचतो, त्याला सत्तर वर्षे समजतात, आणि मग तो उपास करून, गोणपाट नेसून, आपल्या लोकांची पापे कबूल करतो. यिर्मयाही एकोणतिसाव्यात पुढे तेच सांगतो: तुम्ही मला हाक माराल, प्रार्थना कराल, जिवेभावे शोधाल. अकरावे वचन छापणारे बारावे-तेरावेही बहुधा गाळतात.

सातव्या वचनाचाही एक गैरवापर होतो. नगराचे हित पाहा याचा अर्थ सत्तेला मान डोलवा असा लावला जातो. एक्कावन्नाव्या अध्यायाच्या शेवटी काय आहे ते मग वाचावे. त्याच सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी यिर्मयाचा लेखनिक बारुख याचा भाऊ सराया बाबेलला निघाला होता. यिर्मयाने बाबेलवरच्या सगळ्या अरिष्टाची एक गुंडाळी त्याच्या हाती दिली: तिथे ती वाच, तिला धोंडा बांध, फरात नदीत फेक आणि म्हण, बाबेल अशीच बुडेल. बाबेलसाठी प्रार्थना करा आणि बाबेल बुडणार आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच संदेष्ट्याची आहेत. एक घेऊन दुसरे टाकणारा उपदेश, मग तो कोणत्याही बाजूचा असो, अर्धा राहतो.

तयारी करणाऱ्यांसाठी पद्धत सांगतो. आधी अध्याय २४, २७, २८ आणि २९ एका बैठकीत वाचावेत. सगळी मिळून ८१ वचने होतात, म्हणजे सबब सांगण्याइतके हे काम मोठे नाही. यिर्मयाचा ग्रंथ काळाच्या क्रमाने लावलेला नाही, हे ध्यानात ठेवून प्रत्येक अध्यायाच्या समासात राजा आणि वर्ष लिहावे. मग कागदावर चार रकाने करावेत: कोण बोलतो, कुणाला, केव्हा, आणि ऐकणाऱ्याकडून काय हवे आहे. एकोणतिसावा अध्याय असा भरला की दिसते की पत्राला विरोधही झाला. शमाया नेहेलामीने उलट पत्र पाठवले आणि या वेड्याला खोड्यात का घातले नाही, असे सफन्या याजकाला विचारले. त्याची तक्रार एवढीच होती की यिर्मयाने बंदिवास लांबणार, घरे बांधा, असे लिहिले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना हे पत्र आशेचे वाटलेच नाही. आपल्या उपदेशात तो त्रास कुणालाच होत नसेल, तर काही गाळले गेले आहे का ते तपासावे.

हिब्रू प्रत आणि सप्तति हे प्राचीन ग्रीक भाषांतर यांत या ग्रंथाचा मजकूर बराच वेगळा आहे. ग्रीक प्रत लहान आहे. आपला एकोणतिसावा अध्याय तिथे छत्तिसावा आहे, आणि सोळा ते वीस ही वचने त्यात नाहीत. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या काही हिब्रू तुकड्यांत ग्रीकशी जुळणारा आखूड पाठ दिसतो. अभ्यासवर्गात हे सांगावे. रविवारच्या उपदेशात पाच-सहा मिनिटे यावर घालवणे मात्र मला विद्वत्तेचे प्रदर्शन वाटते.

वेळेची वाटणीही महत्त्वाची आहे. पंचवीस मिनिटांच्या उपदेशात इतिहासाला पाच मिनिटे पुरतात. नेहमी घडते ते असे: इतिहास पंधरा मिनिटे खातो, मग घाईत अकरावे वचन येते आणि श्रोत्याला तेवढेच आठवते. सर्वांत जास्त वेळ पाचव्या ते सातव्या वचनांना द्यावा. तिथे ठोस कामे आहेत आणि लोकांना ती आवडत नाहीत. आजच्या श्रोत्यापर्यंत यायचे तर तीन टप्पे पाळावेत: पाडाव झालेल्यांना याचा अर्थ काय होता, त्यातून देवाची रीत काय दिसते, आणि पुढच्या शास्त्रात ती रीत कुणी कशी उचलली. ख्रिस्ती उपदेशकाला तिसऱ्या टप्प्यावर एकतिसाव्या अध्यायातला नवा करार आणि तो उद्धृत करणारा इब्री लोकांस पत्राचा आठवा अध्याय हाताशी आहे. पेत्राचे पहिले पत्रही पांगलेल्या परदेशवाशांनाच लिहिलेले आहे आणि शेवटी त्यात बाबेलचे नाव येते. पण पहिला टप्पा न ओलांडता तिसऱ्यावर उडी मारली की कोणताही उतारा कोणत्याही उताऱ्यासारखा दिसू लागतो. उलट टोकही टाळावे. हे त्यांच्यासाठी होते, आपला काही संबंध नाही, असे म्हणून थांबणारा उपदेशक इतिहासाचा तास घेऊन घरी जातो.

आजाऱ्याच्या खाटेजवळ अकरावे वचन हमी म्हणून वाचू नये. तिथे बाराव्या वचनातली ऐकण्याची ग्वाही पुरेशी आहे. त्याहून उत्तम म्हणजे बत्तिसावा अध्याय. यिर्मयाच्या आशेचे खरे वजन तिथे कळते, म्हणून त्याकडे वळतो.

काळ सिद्कीयाचे दहावे आणि नबुखद्नेस्सराचे अठरावे वर्ष. यरुशलेमेला वेढा पडला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. सदतिसाव्या अध्यायानुसार त्याला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळते, नगरातली भाकर संपेपर्यंत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ येथले शेत विकत घे म्हणतो, कारण सोडवून घेण्याचा हक्क यिर्मयाचा आहे. हा हक्क लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातला: भाऊबंद गरिबीने जमीन विकू लागला तर जवळच्या आप्ताने ती सोडवावी. अनाथोथ यरुशलेमेपासून चार-पाच किलोमीटरवर आहे, म्हणजे वेढा घालणाऱ्या सैन्याच्या पलीकडे. आठव्या वचनाचा शेवट सहज निसटतो: हनामेल आल्यावर, "तेव्हा मला समजले की हे परमेश्वराचे वचन होते." आधी शब्द आला, खात्री नंतर पटली.

किंमत सतरा शेकेल चांदी. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर दोनशे ग्रॅमच्या थोडी आत. नाणी चलनात नव्हती, म्हणून चांदी तराजूत तोलली गेली, आणि तसे लिहिलेही आहे. उपदेशक इथे हमखास सांगतात की शेत मातीमोल मिळाले. शेताचे क्षेत्रफळ दिलेले नाही, तेव्हा स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही. अब्राहामाने मकपेला या दफनभूमीसाठी चारशे आणि दाविदाने खळे व बैल यांसाठी पन्नास शेकेल दिले, ही तुलनाही फारशी उपयोगाची नाही. सांगावे एवढेच की रोजच्या भाकरीची शाश्वती नसताना चांदी दिली गेली.

खरेदीखताचा तपशील वाचण्यासारखा आहे. सही, साक्षीदार, आणि खताच्या दोन प्रती: एक मोहोरबंद, एक उघडी. उघडी प्रत पाहण्यासाठी, बंद प्रत वाद झाला तर फोडण्यासाठी. इजिप्तमधील एलेफंटाइन येथे सापडलेले इ.स.पू. पाचव्या शतकातले यहूदी दस्तही बांधून मोहोरबंद केलेले आहेत. दोन्ही प्रती बारुखाने मातीच्या भांड्यात ठेवायच्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. पंधराव्या वचनातले अभिवचन याच व्यवहाराला चिकटलेले आहे: या देशात घरे, शेते, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. आणि चव्वेचाळिसावे वचन पुन्हा तेच म्हणते: पैसे देऊन शेते घेतील, खते लिहितील, मोहोर करतील, साक्षी ठेवतील, बन्यामिनात, यरुशलेमेच्या आसपास, डोंगराळ प्रदेशात, तळवटीत आणि दक्षिणेत. इथे आशा म्हणजे जमिनीचे व्यवहार पुन्हा रीतसर सुरू होणे. यावर स्वर्गाचे रूपक चढवायची घाई करू नये.

बारुखाचे नाव आले की पडद्यावर एक मातीचा शिक्का दाखवला जातो, "नेरीयाचा मुलगा बारुख, लेखक" असा. तो उत्खननात सापडलेला नाही, प्राचीन वस्तूंच्या बाजारातून आला, आणि तज्ज्ञ तपासणीत तो बनावट असल्याचे निष्कर्ष निघाले आहेत. तो दाखवू नये. दाखवायचाच असेल तर १९८२ मध्ये यरुशलेमेतील दाविदाच्या नगरात रीतसर उत्खननात मिळालेला "शाफानाचा मुलगा गमऱ्या" हा शिक्का आहे. हा छत्तिसाव्या अध्यायातला गमऱ्या असावा, असे मानले जाते. पत्र नेणारा गमऱ्या मात्र हिल्कीयाचा मुलगा. या दोघांची गल्लत फार होते.

शेवटी उतारा कुठे तोडावा याविषयी. अनेक मंडळ्यांत रविवारच्या वाचनांची जी सामायिक यादी वापरतात, तीत बत्तिसाव्या अध्यायाचे वाचन पंधराव्या वचनाला संपते. एकोणतिसाव्याचे सातव्यालाच संपते. त्यामुळे एका रविवारी सत्तर वर्षे ऐकू येत नाहीत आणि दुसऱ्या रविवारी यिर्मयाची प्रार्थना. ही प्रार्थना सोळा ते पंचवीस या वचनांत आहे. खत भांड्यात गेल्यानंतर तो देवाला म्हणतो: वेढ्याचे मोर्चे नगराला भिडले आहेत, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या सैन्याच्या, हाती जात आहे, तू बोललास तसेच झाले, आणि तरी तू मला म्हणालास, पैसे देऊन शेत घे आणि साक्षी ठेव. प्रार्थना तिथेच, उत्तराविना थांबते. यहूदी परंपरेत लेवीय पंचविसावा अध्याय वाचतात त्या शब्बाथाला याच अध्यायाचे सहा ते सत्तावीस असे वाचन होते. त्यात व्यवहार, ही कुरकुर आणि "मला काही अवघड आहे काय?" हा देवाचा प्रश्न, तिन्ही येतात. यादी बदलणे पाळकांच्या हाती नसेल, पण पंधराव्या वचनावर न थांबता सत्ताविसाव्यापर्यंत वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. सावकाश वाचले तरी चार मिनिटांच्या आसपास लागतात.

आपला,
जुन्या कराराचा एक अभ्यासक